करकंबची कुंची

१

गुरुवारी सकाळी आदिनाथनं फोटो काढण्यासाठी खोकं उघडलं आणि आत कुंची नव्हती.

खोकं जागच्या जागी होतं. झाकण नीट बसलेलं. कापडाला घडी पडू नये म्हणून आम्ही आत मलमलीच्या गुंडाळ्या भरतो, त्याही होत्या. संग्रहाचा क्रमांक लिहिलेली छोटी पट्टी एरवी कुंचीच्या अस्तराला दोन टाक्यांनी शिवलेली असते. ती टाके उसवून, सरळ करून, गुंडाळ्यांच्या मधोमध ठेवलेली होती.

मी पलीकडच्या टेबलाशी जेऊरच्या एका गोधडीचे टाके भिंगातून बघत बसले होते. माझं नाव दाक्षायणी. सोलापूरच्या या कॉलेजात, वस्त्रशास्त्र विभागात, मी आयुष्यभर शिवण आणि भरतकाम शिकवलं. निवृत्त झाले, शाल-श्रीफळ घेतलं, गोड गोड भाषणं ऐकली आणि पुढच्याच आठवड्यात परत येऊन बसले. घरी बसून काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. जुन्या कपड्यांचे टाके ओळखायला मी बरी पडते, म्हणून विभागही मला सहन करतो.

विभागप्रमुख वैजयंती ही एकेकाळची माझीच विद्यार्थिनी. जिल्ह्यातल्या तान्ह्या बाळांच्या जुन्या कपड्यांचा अभ्यास हा तिचा प्रकल्प. त्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची दोन मुलं संशोधन साहाय्यक म्हणून काम करतात, चैताली आणि आदिनाथ. गावोगाव फिरून कुंच्या, अंगडी, दुपटी आणायची, मोजायची, फोटो काढायचे, टाके नोंदवायचे आणि जपून ठेवायचं. लोक हे कपडे देऊन टाकत नाहीत. अभ्यास होईपर्यंत ठेवायला देतात, तेही मागायला आलेल्या मुलीचा चेहरा बघून.

हरवलेली कुंची करकंबच्या बजाबाईंची होती. खणाची, विटकी, कानावर दोन ठिगळं. पाठीवरचा पदर झिजून पार पातळ झालेला. दिसायला काहीच नाही. पण बजाबाईंची सगळी लेकरं आणि त्यांची सगळी नातवंडं त्या एका कुंचीत वाढली आणि त्यातलं एकही दगावलं नाही, असं त्यांनी चैतालीला सांगितलं होतं. गावातल्या बाया ती मागायला येतात, हेही सांगितलं होतं.

वैजयंती आली, खोकं बघितलं आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"किल्ली चैतालीकडे. जबाबदारी चैतालीची," ती म्हणाली. "सोमवारी तिच्या पीएच.डी.च्या कागदावर मला सही करायची आहे. तोवर कुंची आली नाही, तर सही नाही आणि प्रकल्पातही जागा नाही. लोक विश्वासानं वस्तू देतात. ती मुलगी वस्तू सांभाळत नाही असं एकदा झालं, तर तिला कुठल्या घरात पाऊल ठेवू देतील?"

चैताली खाली मान घालून उभी होती. मोठ्या डोळ्यांची, कमी बोलणारी पोर.

जाताना वैजयंती माझ्याजवळ थांबली. आवाज उतरला होता. "बाई, तुम्ही जरा बघा ना. तुमच्याशी सगळे बोलतात. आणि बुधवारी मोडनिंबला नातवाचं बारसं आहे, सुनेच्या माहेरी. तुम्ही यायचंच. दिवसांआधी आला, कितीतरी दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. या मंगळवारी घरी नेलाय."

तिच्या सुनेचं, संस्कृतीचं, हे तिसरं बाळंतपण. आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती. मी येते म्हणाले आणि पुन्हा त्या खोक्याकडे वळले. पट्टीवर दोऱ्याचा एक तंतूही उरलेला नव्हता. टाके उसवणाऱ्याला ते काम चांगलं येत होतं.

२

पहिलं बोलावलं महादेवप्पाला. विभागाचा शिपाई, दुसरी किल्ली त्याच्याकडे. अक्कलकोटकडचा असल्यामुळे आम्ही दोघं एकमेकांशी निम्मं कानडीतच बोलतो, पण त्या दिवशी तो मराठीवर आला, म्हणजे घाबरला होता.

"बाई, मी किल्ली कुनाला देत न्हाय. अंगोळीला जाताना बी कमरेलाच असती."

"तुझ्यावर कोण आळ घेतंय? खोलीत अलीकडे कोण कोण येऊन गेलं, एवढंच सांग."

तो आठवू लागला. एका शाळेच्या पोरी येऊन गेल्या. पुण्याहून जुनं सामान घेणारा एक माणूस आला होता, टक्कल असलेला. त्यानं मोबाईलमध्ये सगळे फोटो काढले, आदिनाथशी बराच वेळ गप्पा मारल्या आणि चहासुद्धा प्यायला. "आन मॅडमच्या सूनबाई आल्या हुत्या की, माहेरी जायच्या आदी. मॅडम मीटिंगमध्ये हुत्या, म्हनून हितं बसल्या. चैतालीनं समदी खोकी उघडून दावली. लई वेळ बसल्या. पोटुशी बाई, मी खुर्ची आनून दिली."

मला तो पुण्याचा टकला पसंत पडला नाही. जुन्या वस्तूंची असली गिऱ्हाइकं मी बघितली आहेत. आजीच्या पेटीतलं पातळ उचलून नेतात आणि मोठ्या हॉटेलच्या भिंतीवर लावतात.

त्यामुळे मी लगेच आदिनाथला धरलं.

३

आदिनाथ हुशार आहे आणि ते त्याला माहीत आहे. प्रकल्पाची पुढची जागा एकच, ती चैतालीला मिळणार हे ठरल्यापासून तो जरा तिरका वागत होता.

"तुझा पुण्याचा मित्र काय म्हणतो?"

"मित्र नाही हो बाई. त्याला चांदीच्या घुंगरांची जरीची कुंची पाहिजे होती. मी म्हणालो, विकायला नाही. गेला."

"ती जरीची कुठे आहे?"

"करकंबच्या शेजारच्याच खोक्यात. आहे जागेवर." तो थांबला, मग त्याला राहवलं नाही. "तुम्ही सगळे माझ्याकडेच बघताय, पण गडबड चैतालीचीच आहे. बेशिस्त वाढलीय तिची. फ्रीझर बघा जरा."

आमच्याकडे एक मोठा फ्रीझर आहे. बाहेरून आलेलं कुठलंही कापड आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून त्यात ठेवायचं, म्हणजे कसर मरते. मगच ते संग्रहात न्यायचं. संग्रहातली वस्तू बाहेर जाऊन परत आली, तरी पुन्हा तेच. या नियमाबाबत वैजयंती कुणाचं ऐकत नाही.

"जेऊरच्या गोधड्या त्यात जायच्या होत्या," आदिनाथ म्हणाला. "हिनं वरचा कप्पा रिकामा करून ठेवलाय, आत एक रिकामी पिशवी ठेवलीय आणि गोधड्या बाहेर पडल्यात. मी भरायला गेलो तर म्हणते, राहू दे, तो कप्पा लागणार आहे. कशाला लागणार आहे? नवीन तर काहीच येणार नाही या महिन्यात."

मी हुं म्हटलं. पोरांच्या भांडणात मला रस नव्हता. पण दुपारी हात धुवायला गेले तेव्हा सहज फ्रीझर उघडून बघितला. खाली मोडनिंबची दुपटी दाटीवाटीनं बसली होती. वर एक कप्पा स्वच्छ पुसलेला, त्यात एकच पिशवी, चौकोनी, फार मोठी नाही. गोधडी तिच्यात मावली नसती.

मी झाकण लावलं आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले.

४

सावित्रम्मा हातमागाच्या शेडमध्ये मुलांना विणकाम शिकवतात. घरचा धंदाच मागाचा, तेलुगू बोलणारं मोठं कुटुंब. त्यांचं आणि चैतालीचं या कुंचीवरूनच वाजलं होतं, हे सगळ्या विभागाला माहीत होतं. कुंचीच्या काठाची नक्षी मागावर उतरवायला त्यांनी ती शेडमध्ये मागितली आणि चैतालीनं बाहेर न्यायला साफ नकार दिला.

मी विचारताच त्या उसळल्या. "मला नक्षी पायजे होती, कुंची कशाला? माझी नातवंडं आता मोटरसायकल चालवतात. त्यांच्या डोक्याला बसंल का ती?"

"रागावू नका. तुम्हाला काय वाटतं, कुणी नेली असेल?"

त्यांनी मागावरचा हात थांबवला. "चोर न्हाय. चोरानं घुंगराची नेली असती, शेजारीच होती की. ही फाटकी कोण नेणार? आणि बाई, एक सांगते. ती पोरगी मला दोन तासासाठी कुंची देईना. म्हणाली, सावित्रम्मा, ही माझी न्हाय, बजाबाईंची हाय, त्यांना विचारल्याशिवाय मी हात नाही लावू देणार. एवढी कडक. अशा पोरीच्या हातून हरवंल?"

हे मात्र खरं होतं.

बजाबाईंना कळवायचं काम कुणीच अंगावर घेईना, म्हणून संध्याकाळी मीच फोन लावला. शिव्या ऐकायची तयारी करून, पाण्याचा पेला जवळ घेऊन बसले.

"बजाबाई, सोलापूरहून बोलतेय, कॉलेजातनं. तुमची कुंची सापडत नाहीये हो."

पलीकडे शेळी ओरडली. मग बजाबाई म्हणाल्या, "कोन बोलतंय?"

मी नाव सांगितलं.

"बरं बरं. चैताली हाय का तितं? तिला रागावू नगा."

"अहो, पण कुंची..."

"व्हय, ऐकलं की. ती कुटं जात न्हाय. सोलापुरात ऊन लई हाय म्हनं?"

आणि बजाबाई उन्हाबद्दल, विहिरीबद्दल आणि धाकट्या सुनेच्या गुडघ्याबद्दल बोलत राहिल्या. कुणी नेली, कधी नेली, असं एकदाही विचारलं नाही. घरातली सगळी लेकरं जिच्यात वाढली ती वस्तू हरवली म्हणून सांगितलं, तर बाई मला उन्हाचं विचारत होती.

मी फोन ठेवला. पाणी तसंच राहिलं होतं.

५

शुक्रवारी आणि शनिवारी मी चैतालीवर नजर ठेवली. वस्तू हरवलेलं माणूस शोधतं. एकच कपाट पुन्हा पुन्हा उघडतं, खाली वाकून बघतं, झोपेतसुद्धा शोधतं. चैतालीनं एकही कपाट उघडलं नाही. ती शांतपणे जेऊरच्या गोधड्या मोजत होती आणि मधूनच डोळे पुसत होती. शनिवारी निघताना ती माझ्याकडे आली.

"बाई, मॅडमना सांगून सोमवारचं गुरुवारवर ढकलता येईल का?"

"गुरुवारी काय होणार आहे?"

"काही नाही. सापडेल तोवर कदाचित."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस असं बोलतं. रविवारी सकाळी मी रिक्षा करून तिच्या घरी गेले. तिच्या आईनं, मीनाबाईंनी, मला बसायला खुर्ची दिली आणि माझं काही न ऐकता कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही पुढं ठेवलं. त्या आत गेल्यावर मी चैतालीला म्हणाले, "कुंची तू दिलीस. चोरी नाही, ती परत येणार आहे. परत आलेली वस्तू आधी फ्रीझरमध्ये जाते, म्हणून तू कप्पा रिकामा करून पिशवीसुद्धा ठेवलीस. अगं, नियम पाळणारी अशी चोरटी मी जन्मात बघितली नाही."

ती हसली आणि मग एकदम रडायला लागली. मी तिला रडू दिलं.

"बाळाला पहिलं वस्त्र नवं घालत नाहीत, जुनं घालतात," मी म्हणाले. "आणि ज्या घरात आधीची बाळं गेली, तिथं ते मागून आणतात, जिथली सगळी लेकरं जगली अशा घरातून. आमच्या आईनंही माझ्या धाकट्या भावासाठी असंच अंगडं मागून आणलं होतं. चोरून आणलेलं चालत नाही. म्हणजे बजाबाईंना कुणीतरी विचारलं असणार, आणि म्हणूनच त्या रागावल्या नाहीत. तूच विचारलंस ना?"

तिनं मान हलवली.

"आणि मागणारीच्या बाळाचं बारसं बुधवारी आहे. मोडनिंबला."

आता मात्र ती घाबरली. "बाई, बोलू नका. कुणालाच नाही. बजाबाईंनी एकच अट घातलीय, नाव ठेवेपर्यंत कुठं बोलायचं नाही, ज्या घरात नेली त्या घरातल्या मोठ्यांनाही नाही. मी गेल्या बुधवारी नेऊन दिली, एस.टी.नं. संस्कृतीताई मला म्हणाल्या, सासूबाईंना कळलं तर त्या हसतील, प्रयोगशाळेत शिकलेल्या बाई आहेत त्या. तू नाही आणलीस तर माझी झोप उडेल आणि आणलीस तर तुझी, पण तरी आण."

"त्यांना माहीत आहे का, तुझ्यावर काय आलंय ते?"

"नाही. कसं सांगू? त्या घाबरतील, कुंची लगेच परत पाठवतील."

"तू मानतेस का हे सगळं?"

"मी नाही मानत, बाई." तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, तिचे आजोबा सिद्राम, पांढऱ्या टोपीतले. "आमच्या घरात असलं सगळं आजोबांनीच बंद केलं. पण त्या मानतात ना. दोन बाळं गेलेली बाई रात्रभर जागी राहून श्वास मोजते. त्या कुंचीनं तिला झोप लागत असेल, तर मी कोण अडवणार?"

"आणि तुझी पीएच.डी.?"

तिनं माझ्या ताटात अजून दही वाढलं. मी तिला शब्द दिला, कुणाचंही नाव माझ्या तोंडून जाणार नाही. मीनाबाईंनी आतून विचारलं, भाकरी आणू का अजून. मी हो म्हणाले. पोरीच्या हट्टाचा मला राग आला होता आणि ती मला फार आवडलीही होती, आणि या दोन्हीवर भूक लागते.

६

सोमवारी वैजयंतीच्या खोलीत आम्ही तिघी होतो. चैतालीसमोर कोरा कागद होता.

"स्वतःच प्रकल्प सोडतेस असं लिहून दे, चैताली. तुझ्या नावाला बट्टा लागायला नको, एवढंच माझ्या हातात आहे."

चैतालीनं पेन उचललं. ती खरंच लिहायला लागली तेव्हा माझ्याच्यानं राहवेना. मी नाव न घेण्याचा शब्द दिला होता. वैजयंतीला विचार करायला लावणार नाही, असा शब्द काही दिला नव्हता.

"वैजयंती, पेन थांबव तिचं. आधी मी बोलते. मध्ये बोलायचं नाही."

वर्गात मी असंच म्हणायचे. तिनं चैतालीला हातानं थांबवलं.

"घुंगरांची सोडून फाटकी नेली, म्हणजे विकायला नेली नाही. पट्टी टाके उसवून काढली, कापडाला धक्का न लावता, म्हणजे नेणाऱ्याला वस्तूची माया होती. फ्रीझरमध्ये एक कप्पा तिच्यासाठी आधीच रिकामा आहे, म्हणजे ती परत येणार आहे. आणि बजाबाईंना फोन केला तर त्यांनी मला उन्हाचं विचारलं. त्यांची संमती आहे. मग फाटक्या कुंचीत असं काय आहे, जे मालकिणीला विचारून, गुपचूप, थोड्या दिवसांसाठी न्यावं?"

"म्हणजे कुणीतरी बाळाला घालायला?" वैजयंतीचा आवाज चढला. "संशोधनाची वस्तू? एवढ्या जुन्या खणाला घाम, तेल, दूध लागू द्यायचं? बाई, एकविसाव्या शतकात लोक अजून असल्या गोष्टींवर... आणि चैताली, तू हे होऊ दिलंस? कोण आहे ही बाई? तिला कुणी समजावून सांगायचं नाही का, की बाळ डॉक्टर वाचवतात, कुंची नाही?"

"सांगितलं असतं," मी म्हणाले. "पण त्या बाईची आधीची दोन गेली आहेत. ती सांगण्याच्या पलीकडे गेलीय."

वैजयंतीनं पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तिनं चैतालीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाहेर महादेवप्पा कुणाला तरी चहाचं विचारत होता. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ती मला पुन्हा विद्यार्थिनी दिसायला लागली.

"कुणाच्या..." ती म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत तिनं हात वर केला. "नको. बाई, नाव घेऊ नका. बारसं होईपर्यंत कुणीच घेऊ नका."

"मी घेणारच नव्हते."

"मला काही माहीत नाही. मी काहीही ऐकलं नाही." ज्या बाईनं आयुष्यभर सगळ्यांकडे पुरावा मागितला, ती आता एका फाटक्या कुंचीसाठी देवाला घाबरल्यासारखी बसली होती. मला तिची फार दया आली आणि तिचा अभिमानही वाटला.

तिनं चैतालीपुढचा अर्धवट लिहिलेला कागद ओढून घेतला, चुरगळला आणि पर्समध्ये टाकला. पीएच.डी.च्या कागदांची फाइल काढली, न वाचता सही केली आणि ती पुढं सरकवली. चैताली फाइलला हात लावेना. दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या.

"चैताली," वैजयंती शेवटी म्हणाली, अगदी हळू. "नाव नको सांगू. फक्त एवढं सांग. डोक्याला नीट बसली का गं ती? फार लहान असतं दिवसांआधीचं बाळ."

"सैल होत होती, मॅडम. डोळ्यांवर यायची." चैताली म्हणाली. "मी आतून दोन टाके घातले."

संग्रहातल्या वस्तूला सुई लावणं हा आमच्या कामातला सगळ्यात मोठा गुन्हा. वैजयंतीनं एका मुलीला त्यापायी वर्षभर संग्रहात येऊ दिलं नव्हतं. मी वैजयंतीकडे बघितलं.

"गाठ कुठल्या बाजूला घेतलीस?"

"बाहेरच्या. आत टोचली असती."

वैजयंतीनं पदरानं डोळे पुसले. "बरं केलंस," ती म्हणाली.